आप्पासाहेब टेकडीवर मेले नव्हते

महाल, नागपूर
18 डिसेंबर

प्रिय दिलीप,

नागपूरच्या आप्पासाहेब भोसल्यांवरची, इंग्रजांविरुद्धच्या 1817 च्या सीताबर्डीच्या लढाईची तुझी पटकथा परवा मिळाली. त्या रात्री एका बैठकीत वाचून काढली आणि काल पुन्हा पेन्सिल घेऊन वाचली. फोनच करणार होतो, पण फोनवर तू बोलायला लागलास की माझं म्हणणं राहूनच जातं. म्हणून लिहायला बसलो.

आधी तो अरब शिपाई. शुक्रवारी तलावाच्या कट्ट्यावर बसून दुसऱ्याकडून आईला पत्र लिहवून घेणारा. तो सबंध तुझ्या डोक्यातून आलाय, कुठल्याही कागदात तो सापडणार नाही, आणि मला तो फार आवडला. भोसल्यांकडे अरब होतेच. सक्करदऱ्याची लढाई हरल्यावरही ते शहरात ठाण मांडून बसले आणि डिसेंबर संपेपर्यंत हटले नाहीत. त्या शेकडो लोकांपैकी एकाला तू आई दिलीस, बोलणं दिलंस. त्याला अजिबात हात लावू नकोस.

पण बर्डीच्या लढाईत तू किल्ल्याचे बुरूज दाखवलेत, ते काढ. 1817 मध्ये तिथे किल्ला नव्हताच, तो इंग्रजांनी लढाई जिंकल्यावर बांधला. तेव्हा दोन उघड्या टेकड्या होत्या, एक मोठी, एक लहान, आणि पलीकडे रेसिडेन्सी, म्हणजे इंग्रजांच्या रेसिडेंटचं ठाणं. 26 नोव्हेंबरच्या संध्याकाळी गोळीबार सुरू झाला तो रात्रभर चालला. सकाळी लहान टेकडीवर दारूचा स्फोट झाला, इंग्रजांच्या बाजूला गोंधळ उडाला आणि त्या गोंधळात अरबांनी ती टेकडी घेतली. काही वेळ नागपूर जिंकत होतं रे! बुरुजाआडून लढण्यापेक्षा आडोसा नसलेल्या टेकडीवर रात्र काढणं पडद्यावर किती भयंकर दिसेल, विचार कर. उद्या टेकडी गणपतीला जाणार आहे, तिथून वर बघताना मला आता तुझाच सिनेमा दिसणार.

आता शेवट. तुझे आप्पासाहेब टेकडीवर तलवार उपसून एकटे उभे राहतात आणि गोळ्या झेलत पडतात. दिलीप, ते तिथे मेले नव्हते. लढाई फसल्यावर त्यांनी रेसिडेंट जेंकिन्सला कळवलं की हल्ला माझ्या हुकमाने झालाच नाही. 16 डिसेंबरला ते स्वतः रेसिडेन्सीत हजर झाले, आणि त्याच दिवशी त्यांची फौज सक्करदऱ्याला लढत होती. धनी शत्रूच्या घरात आणि शिपाई मैदानात. पुढे इंग्रजांनी त्यांना कैद करून अलाहाबादला पाठवलं. मे 1818 मध्ये जबलपूरजवळच्या मुक्कामातून ते शिपायाचा वेष करून पहाऱ्यातून निसटले. महादेवाच्या डोंगरात गोंडांनी त्यांना थारा दिला. तिथून अशीरगड, पंजाब, आणि शेवटी जोधपूर. तिथे 1840 मध्ये वारले. बावीस वर्षं, दिलीप! नागपूरच्या राजाने बावीस वर्षं दुसऱ्याच्या दारात काढली. हे सगळं सोडून तू त्यांना पाच मिनिटांत टेकडीवर मारून टाकलंस.

आणि परसोजी? दुसऱ्या रघूजींचा आजारी, अधू मुलगा. फेब्रुवारी 1817 मध्ये तो बिछान्यात मेलेला सापडला, आणि खुनाचा ठपका आप्पासाहेबांवर आला. तुझ्या पटकथेत परसोजी नुसता खोकतो आणि मग दिसतच नाही. तुला नायक स्वच्छ हवाय, हे कळतं मला. पण चुलतभावाच्या मृत्यूचा संशय घेऊन गादीवर बसलेला माणूस नऊ महिन्यांनी इंग्रजांवर उठतो, यात जे आहे ते स्वच्छ नायकात नाही. खून त्यांनीच करवला असं ठासून दाखवू नकोस. बंद दार दाखव, सकाळ दाखव, वाड्यातल्या बायकांची कुजबुज दाखव.

मला रात्री झोप लागली नाही ती मात्र बांकाबाईंच्या, दुसऱ्या रघूजींच्या विधवेच्या, प्रसंगांमुळे. तू त्यांना फितूर केलंस. रात्री दिवा घेऊन त्या इंग्रजांच्या माणसाला नकाशा देतात, आणि म्हणून लढाई हरते. हे कुठून आणलंस? मी तीन वेळा वाचलं. तुला हरण्याचं एक कारण हवं होतं, एक चेहरा हवा होता, आणि वाड्यातली विधवा बाई सोयीची पडली.

तुला माझ्या आजीची एक गोष्ट सांगतो, कधी सांगितली नव्हती. मी आठवी-नववीत असताना आमच्या भागातल्या एका मंडळाने बेचाळीसच्या चळवळीवर नाटक बसवलं. माणसं खरी, गल्ल्या खऱ्या, नावंसुद्धा खरी. माझे आजोबा पोस्टात होते, तेव्हा वारून बारा वर्षं झाली होती. नाटकात पोलिसांना खबर देणारा एक पोस्टमन होता, आणि त्याला सगळे आजोबांच्याच नावाने हाक मारत होते. आजी दुसऱ्या रांगेत बसली होती, मी तिच्या शेजारी. अंगावरचं लुगडं तिने मुठीत इतकं आवळलं होतं की घरी आल्यावरही चुण्या गेल्या नव्हत्या. ती मध्येच उठली नाही, पूर्ण नाटक बघितलं. माझ्या बाबांनी लेखकाला जाऊन विचारलं तर तो म्हणाला, काका, नाटकात कोणीतरी फितूर लागतोच, मनावर घेऊ नका. तो वाईट माणूस नव्हता. पण पुढे दोन वर्षं शाळेत पोरं मला खबऱ्या म्हणत, आणि आजी हळदीकुंकवाला जायची थांबली. आजोबा बेचाळीसमध्ये नागपुरात नव्हतेच, त्यांची बदली बालाघाटला झाली होती. ते कोणाला सांगायचं? पडदा पडला होता.

म्हणून मला ते जमत नाही, दिलीप. ज्याचं नाव खरं आहे त्याच्यावर न केलेला गुन्हा लादणं. आनंदीबाईंचं बघ ना. 1773 मध्ये नारायणरावांचा खून झाला, तो खरा. रामशास्त्र्यांनी राघोबादादांना दोषी ठरवलं, तेही खरं. पण आनंदीबाईंनी ‘धरावे’चं ‘मारावे’ केलं, याला पुरावा नाही. नाटकांनी, गोष्टींनी, शाळेच्या पुस्तकांनी ते इतकं घोटलं की त्याचा वाक्प्रचार झाला. आज माझी नात कोणी शब्द फिरवला की ध चा मा केला म्हणते. कोणत्या बाईबद्दल बोलतोय हेही तिला ठाऊक नाही. आता हे कोण पुसणार?

तू म्हणशील, सुरुवातीला पाटी टाकतोय ना, की कथेसाठी स्वातंत्र्य घेतलं आहे. ती पाटी येते तेव्हा लोक अंधारात मोबाईलचा उजेड पाडून सीट नंबर शोधत असतात. मी स्वतः तेच करतो.

आणि ऐकलेलं किती चिकटतं ते आपल्या बर्डीच्या किल्ल्यावरूनच बघ. गांधीजींना 1923 मध्ये तिथे कैदेत ठेवलं होतं, असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. मार्च 1922 मध्ये त्यांना शिक्षा झाली आणि फेब्रुवारी 1924 मध्ये ते सुटले. त्या काळात ते येरवड्याला होते. 1923 मध्ये नागपुरात झेंडा सत्याग्रह झाला, बहुधा त्यातूनच हे जुळलं असावं. मी हे घरी सांगितलं तर माझा मोठा भाऊ दोन दिवस बोलला नाही.

बांकाबाईंचं खरं सांगू? 1818 नंतर आप्पासाहेबांच्या जागी गादीवर बसवलेल्या लहान रघूजींच्या नावाने त्यांनी घर सांभाळलं. 1853 मध्ये तोही वारसाशिवाय गेला आणि पुढच्या वर्षी डलहौसीने राज्य खालसा केलं. मग वाड्यातले हत्ती, घोडे, बैल बर्डीला लिलावात निघाले. ही बाई तेव्हा पार म्हातारी झाली होती, आणि तिने धमकी दिली की सामान हलवाल तर वाडा पेटवून देईन. तरी सामान हललं, दागिने कलकत्त्याला विकायला गेले. आणि तीन वर्षांनी, सत्तावन्नमध्ये, याच बाईने आपल्या माणसांना इंग्रजांविरुद्ध उठू नका असं सांगितलं. का? भीती, हिशेब, थकवा, की टेकडीवरची ती सकाळ आठवत होती म्हणून? इथे रच ना तू! इथे कागद गप्प आहेत. तिच्या मनात काय चाललं होतं ते तुझ्यासारखा माणूस लिहू शकतो. तिच्या हातात नकाशा मात्र देऊ नकोस.

26 जानेवारीला किल्ला लोकांसाठी उघडतात. आदल्या रात्रीच ये, आमच्याकडेच उतर. वहिनींनाही आण, हिने सांगितलंय. सकाळी तर्री-पोहे खाऊन वर जाऊ. लहान टेकडी कुठे होती, रेसिडेन्सी कोणत्या अंगाला होती, ते मी तुला उभं राहून दाखवतो. मग दुपारी सक्करदऱ्याला. पटकथेची दुसरी प्रत आण, माझ्या प्रतीवर आता पेन्सिलीला जागा उरली नाही.

अरबाच्या पत्रात आईचं नाव तू लिहिलेलं नाहीस. ते मुद्दाम का? तसं असेल तर तसंच ठेव.

तुझा,
बाळ्या