खोडद तुमच्या नकाशावर आहे ना?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या पुरवणीत 'हिंगोलीत ऐकू येणार महाकाय कृष्णविवरांची टक्कर' वाचून डोक्यावर हात मारला. अहो, हिंगोलीतल्या औंढ्याचं लायगो, म्हणजे अवकाशाला हलवत जाणाऱ्या गुरुत्वीय लाटा टिपणारं यंत्र, अजून उभं राहायचंय, राहील तेव्हा आम्हीही पेढे वाटू, पण त्या चार-चार किलोमीटरच्या भुजांना सूर्याच्या तीस-चाळीस पट, फार तर शंभर-दोनशे पट वस्तुमानाची कृष्णविवरं ऐकू येतात. कोट्यवधी सूर्यांएवढ्या कृष्णविवरांची जोडी एकमेकांभोवती फिरते तेव्हा तिची एक गुरुत्वीय लाट जायलाच वर्षं लागतात, लाटेची लांबी प्रकाशवर्षांत, ती औंढ्यात पकडणार कशी?

त्यासाठी पल्सर, म्हणजे गरगर फिरत रेडिओ ठोके देणारे मृत तारे, लागतात आणि ते काम आमच्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीवर चालतं. विज्ञान दिनाला तिथं सगळं बघायला खुलं असतं, तेव्हा एका संशोधक पोरीने समजावलं होतं की पल्सरचे ठोके एकदम नियमित येतात, अशी लाट मधून गेली की सेकंदाच्या कोटीव्या भागाइतके मागेपुढे होतात, आणि ते बरीच वर्षं मोजत बसायचं. माझ्या आठवीतल्या पुतणीला कळलं, तुमच्या लेखकांना का नाही कोण जाणे.

29 जून 2023 ला युरोप, अमेरिका, ऑस्ट्रेलिया, चीन सगळ्यांनी अशा लाटांबद्दल एकदम जाहीर केलं, त्यात युरोपवाल्यांच्या निकालात खोडदचा डेटा होता. तेव्हाही ते 'पुरावा मिळाला' एवढंच म्हणाले, कुठली एक टक्कर नाही, असंख्य जोड्यांची मिळून गुणगुण. मी लगेच तुम्हाला पत्र पाठवलं, तुम्ही छापलंत पण, फक्त खोडदचं वाक्य तेवढं कापलंत आणि माझ्या आडनावाची वेलांटी चुकवलीत! टोमॅटोचा भाव पडला की तुमचा माणूस दुसऱ्या दिवशी नारायणगावच्या मार्केटात हजर असतो, तिथून खोडद काय लांब आहे का? पंचेचाळीस मीटरच्या तीस डिश आहेत, चुकायचं म्हटलं तरी चुकणार नाहीत.

लेखासोबतचा तो केशरी कडीचा फोटोही एम 87 या दीर्घिकेतल्या एकट्या कृष्णविवराचा, 2019 चा. टक्कर कुठाय त्यात?

आणि हो, त्याच पानावर राशिभविष्याला अर्धा कॉलम वाढवलात, त्यापायी शब्दकोडं इतकं बारीक झालंय की चष्मा लावूनही चौकोन दिसत नाहीत. ते तरी पूर्वीसारखं करा.

आपला,
एक जुना वर्गणीदार, नारायणगाव