ऑर्थो वॉर्डमधल्या सिस्टर, तुमच्यासाठी

सिस्टर, नमस्कार.

खिडकीजवळच्या खाटेवर खुब्याचं ऑपरेशन झालेल्या आजी होत्या, आठवतात का? मी त्यांची मुलगी. डिस्चार्जच्या कागदावर लिहिलं होतं, एनॉक्सापारिन (रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून रक्त पातळ करणारं इंजेक्शन) 40 एमजी, रोज एक, पोटावर, अजून 22 दिवस. मेडिकलमधून इंजेक्शनांची पिशवी आणली आणि माझे हातपाय गार पडले. रोज कुणाला तरी घरी बोलावून टोचून घेऊ, असं मी म्हणत होते. तुम्ही पिशवी माझ्या हातातून घेतलीत, स्टूल पुढे ओढलंत आणि म्हणालात, "बसा ताई, तुम्हालाच जमणार आहे."

त्याआधी तुम्ही आईची फाईल उघडून क्रिएटिनिनचा, म्हणजे किडनीच्या तपासणीचा रिपोर्ट कधीचा आहे ते पाहिलंत. तो ऑपरेशनच्या आधीचा होता. आई 71 वर्षांची, वजन जेमतेम 44 किलो. किडनी मंदावलेली असेल तर हे औषध अंगात साठतं आणि रक्तस्रावाचा धोका वाढतो, म्हणून डॉक्टरांना सांगून तुम्ही तपासणी पुन्हा करायला लावलीत. रिपोर्ट ठीक आला, डोस तोच राहिला. आम्हाला तासभर थांबावं लागलं म्हणून तेव्हा मी कुरकुरले होते. त्याबद्दल माफ करा.

मग तुम्ही टॉवेलची घडी करून त्यावर रिकामी सिरिंज धरायला शिकवलंत आणि त्या दिवशीचं इंजेक्शन माझ्याच हातून द्यायला लावलंत. मी सिरिंज उभी धरून टिचकी मारणार, तोच तुम्ही माझं मनगट धरलंत. या भरून आलेल्या सिरिंजमधला बुडबुडा काढायचा नसतो. काढायला गेलं की औषधाचे थेंब वाया जातात. बेंबीपासून निदान तीन बोटं सोडून, आज डावीकडे, उद्या उजवीकडे. चिमटीत कातडीची जाड घडी, सुई सरळ आणि पूर्ण आत, दांडा सावकाश शेवटपर्यंत. सुई बाहेर येईपर्यंत घडी सोडायची नाही. सुई निघाली तसा आईचा हात सवयीने चोळायला पोटाकडे गेला. तो तुम्ही अलगद तुमच्या हातात धरून ठेवलात. "आजी, चोळलं की काळंनिळं होतं," म्हणालात, आणि ती हसेपर्यंत हात सोडला नाहीत.

सिस्टर, आमचे मोठे मामा पाय प्लास्टरमध्ये असताना अचानक धाप लागून गेले. पोटरीतली गुठळी सुटून फुप्फुसात गेली होती, हे आम्हाला मागाहून कळलं. तोवर हे असं होऊ शकतं, हेच कुणी बोललं नव्हतं. तुम्ही मात्र न विचारता सांगितलंत: एका पायाला सूज, पोटरीत कळ, दम लागणं, छातीत दुखणं, यातलं काहीही झालं तर सकाळची वाट बघायची नाही. आणि उलट बाजूचंही: हिरड्यांतून रक्त, लाल लघवी, डांबरासारखी काळी शी, डोक्याला मार लागला तर लगेच निघायचं. टाके सुकले म्हणून इंजेक्शन मनाने बंद करायचं नाही, कारण खुब्याच्या ऑपरेशननंतर गुठळीचा धोका काही आठवडे राहतो.

नवव्या दिवशी आईचा खुबा फार ठणकला. शेजारच्या काकूंनी मायेने स्वतःची डायक्लोफिनॅकची गोळी आणून दिली. आईने पाण्याचा पेला उचललासुद्धा होता. गोळीच्या पाकिटावरचं नाव वाचलं आणि तुम्ही फाईलवर लाल पेनाने लिहिलेलं वाक्य डोळ्यांपुढे आलं: "दुखण्याची गोळी विचारल्याशिवाय नको." रक्त पातळ करणाऱ्या औषधाबरोबर अशी गोळी गेली तर पोटात रक्तस्राव होऊ शकतो. मी वॉर्डला फोन केला, तुम्ही डॉक्टरांना विचारून पॅरासिटामॉल सांगितलंत. काकूंना वाईट वाटू नये म्हणून त्यांनाही फोनवर तुम्हीच समजावलंत. एवढं कोण करतं हो?

एक संध्याकाळ इंजेक्शन द्यायचं राहूनच गेलं, दुसऱ्या दिवशी दुपारी आठवलं. घाबरून दोन्ही एकदम देऊन टाकावीत असं मनात आलं होतं. पण "एका दिवसात दोन कधीच नाही" हेही तुमचंच. फोनवर विचारून एकच दिलं, नेहमीच्या वेळेला.

वापरलेल्या सुया तुम्ही सांगितल्याप्रमाणे जाड प्लास्टिकच्या डब्यात टाकत गेले. घंटागाडीवरच्या ताईंच्या हाताला टोचू नये, हे माझ्या डोक्यात आलं नसतं. बुधवारी सुयांचा तो डबा घेऊन आम्ही तपासणीला आलो. आई वॉकर धरून लिफ्टपासून वॉर्डपर्यंत चालली, खास तुम्हाला दाखवायला. तुमची ड्युटी नव्हती. डबा दुसऱ्या सिस्टरांकडे दिला आणि घरी येऊन हे लिहायला बसले. पुढची तारीख घेताना आईने काउंटरवर आधी तुमचीच ड्युटी विचारली.