आदेश म्हणजे कायदा नव्हे

अमेरिकेत इंग्रजी अधिकृत भाषा झाली ती १ मार्च २०२५च्या अध्यक्षीय आदेशाने. काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, तसा कायदा केलेला नाही, त्यामुळे पुढचा अध्यक्ष हा आदेश एका सहीने रद्द करू शकतो.

मतपत्रिकेचेच पाहा. मतदान हक्क कायद्याच्या कलम २०३नुसार ठरावीक भाषागटांची संख्या निकषात बसली, की त्या काउंटीत (जिल्ह्यासारख्या विभागात) मतपत्रिका, नोंदणी अर्ज, सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्याच लागतात. आदेशाने हे कलम हटत नाही; कायद्याने हटू शकते. खरी भीती तीच. पन्नाशी ओलांडलेल्या, २० वर्षे कायम रहिवासी असलेल्या नागरिकत्वाच्या अर्जदारांना इंग्रजी चाचणी माफ करून कायदाच नागरिक करतो. मग त्यांच्या हाती फक्त इंग्रजी मतपत्रिका देणे सरळसरळ अन्यायाचे आहे. कलमाची मुदत २०३२मध्ये संपते. काँग्रेसने ती वेळीच वाढवावी.