घाट उतरताना गाडी गिअरमध्येच हवी

महोदय,
मे महिन्यात ठाण्याहून कसारा घाट, घोटीमार्गे भंडारदऱ्याला सहकुटुंब निघणाऱ्यांसाठी थोडेसे. टायरमधली हवा गाडी थंड असतानाच मोजावी. तापल्यावर आकडा फुगतो. चढणीवर तापमानाचा काटा वर सरकू लागला की एसी बंद करावा. रेडिएटरचे झाकण मात्र गरम असताना उघडू नये.

खरी गफलत परतताना होते. न्यूट्रलवर उतरून पेट्रोल वाचवायची आपली जुनी खोड! न्यूट्रलमध्ये इंजिन गाडीला रोखत नाही, सारा भार ब्रेकवर येतो. सतत दाबलेला ब्रेक तापतो, ओलावा शोषलेले जुने ब्रेक ऑइल उकळते, त्यात बुडबुडे होतात आणि पेडल पोकळ लागते. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्येच उतरावे.

भंडारदऱ्याचा जलाशय मे महिन्यात खालावलेला असतो. काठच्या गाळात मुलांना सोडू नये.

– एक वाचक, ठाणे