टाकीतलं पिवळं पाणी

धरमपेठ, नागपूर

प्रिय बाळ्या,

तुझे दोन फोन उचलले नाहीत, रागावला असशील. गेल्या महिन्यात ओवीला ३ दिवस ताप आणि जुलाब. मी म्हटलं, नागपूरचा मे आहे, बर्फाचा गोळा बाधला असेल. डॉक्टरांनी ओआरएस चालू ठेवलं आणि एकच विचारलं, "घरी कासव आहे काय?"

आहे नं बाप्पा! दुकानातून आणताना पिशवी तूच धरली होतीस.

रिपोर्टात साल्मोनेला निघाला, जुलाब करणारा जंतू, कासवांच्या पोटात राहतो. खाली औषधांची नावं, प्रत्येकापुढे एक अक्षर: एस म्हणजे चालतं, आर म्हणजे चालत नाही. टेट्रासायक्लिनपुढे आर. ते वाचलं आणि माझे हातपाय गार पडले. कासवाचे डोळे सुजले की दुकानदाराच्या सांगण्यावरून मी याचीच कॅप्सूल फोडून टाकीत टाकायचो. पाणी पिवळं व्हायचं. दोन दिवस टाकायचो, मग विसरायचो. पुन्हा सूज, पुन्हा कॅप्सूल. वर्षभर हेच. आणि ते पाणी ओतायचो कुठं? स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये, ओवीच्या दुधाच्या कपाशेजारी.

पशुवैद्याकडे नेलं, तर त्यांनी कासवाची पापणी बोटानं उचलून बघितली. "खायला काय देता?" वाळलेले झिंगे, दुसरं काय! म्हणाले, अ जीवनसत्त्व कमी पडलं की यांचे डोळे असेच सुजतात. म्हणजे वर्षभर मी औषध दिलं ते डोळ्यांना नाहीच, पोटातल्या जंतूंना तालीम दिली. साल्मोनेलानं कासवाला स्वतःला सहसा काही होत नाही. कधी विष्ठेतून पडतो, कधी नाही, म्हणून एकदा तपासून सुटका नाही.

त्यांनीच अमेरिकेतली गोष्ट सांगितली. पोरं तोंडात घालतात म्हणून १९७५ मध्ये तिथं ४ इंचांहून लहान कासवं विकायला बंदी आली. लुइझियानातल्या पैदासवाल्यांनी मग जंतू मारायला अंडी जेंटामायसिन नावाच्या अँटिबायोटिकमध्ये बुडवायला सुरुवात केली. पुढं काय, जेंटामायसिनलाच न जुमानणारा साल्मोनेला निघाला. आपल्या दुकानदाराचेच भाऊबंद!

ओवीला अँटिबायोटिक लागलंच नाही. चौथ्या दिवशी तिनं खिचडी मागितली. कासवातूनच आलं असं डॉक्टर छातीठोक सांगत नाहीत, पण मला झोप लागली नाही ती नाहीच.

शेजारचे काका म्हणतात, फुटाळा तलावात सोडून ये. लाल कानवालं, अमेरिकेचं कासव ते. इथल्या कासवांच्या मुळावर कशाला आणू? आता टाकी गॅलरीत आहे, पाणी संडासात जातं, गाजर किसून देतो. सूज उतरलीय.

दिवाळीत ये. साबण टाकीजवळच ठेवलाय.

तुझा,
दिल्या