पुढच्या वेळी निदान शेवटची तारीख तरी सांगा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

परवा आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर कुणीतरी कुठल्याशा नव्या व्हायरसची बातमी फॉरवर्ड केली आणि पाच मिनिटांत खाली एकाचा मेसेज आला, "लॉकडाऊन लावून टाकायला पाहिजे, त्याशिवाय लोक ऐकत नाहीत." त्याला चार-पाच अंगठेही मिळाले. मी उत्तर टाइप करायला घेतलं, पुसलं, परत घेतलं, शेवटी म्हटलं हे ग्रुपवर मावणारं नाही, म्हणून तुम्हाला लिहितेय. पत्र जरा लांबलंय, पण जमलं तर छापा.

लावून टाकायला पाहिजे! इतक्या लवकर विसरलो का आपण सगळं?

आधीच सांगते, कोरोना खोटा होता म्हणणाऱ्यांतली मी नाही. मास्क लावला, लस घेतली, सांगितलं ते सगळं केलं. मार्च २०२० मध्ये इटलीतल्या बर्गामोहून लष्कराचे ट्रक शवपेट्या घेऊन निघालेले आपण टीव्हीवर पाहिलेत. तेव्हा लस नव्हती, धड औषध नव्हतं, दवाखान्यात जागा नव्हती, अशा वेळी दार लावून घरात बसा म्हणाले ते बरोबरच होतं, आणि लोक बसले की. ज्यांच्या घरात महिन्याचं सामान भरलेलं होतं त्यांनी तरी पहिले पंधरा-वीस दिवस फारशी तक्रार केली नाही.

राग यायला लागला तो तारखांचा. २४ मार्चला रात्री आठ वाजता सांगितलं, बारापासून देश बंद, २१ दिवस. ठीक. मग ३ मे झाली, मग १७ मे, मग ३१ मे, आणि त्यानंतर अनलॉक म्हणून जे सुरू झालं त्यात आज काय उघडं आणि काय बंद हे रोज एकमेकांना फोन करून विचारावं लागायचं. बरं हे फक्त आपल्याकडे नाही झालं. शांघायमध्ये २०२२ साली शहराचे दोन भाग केले, एकेक भाग चार-पाच दिवस बंद ठेवू म्हणाले, लोकांनी त्या हिशोबाने तयारी केली, आणि उघडलं कधी तर १ जूनला, दोन महिन्यांनी. अडीच कोटी वस्तीचं शहर ते. मेलबर्नमध्ये सहा वेळा बंद-चालू, बंद-चालू होऊन एकूण २६२ दिवस भरले. दम धर म्हटलं की माणूस धरतो हो, पण कधीपर्यंत ते सांगायला नको? आणि तारीख पुढे गेली तर का गेली, आता पेशंट किती कमी झाले की उघडणार, बेड किती रिकामे झाले की उघडणार, हे सांगायला नको? ते कुणी सांगायचं नाही, नुसतं आदल्या रात्री नवीन पत्रक यायचं. घरात बसून माणूस जेवढा खचला नाही तेवढा त्या "अजून पंधरा दिवस"ने खचला.

आणि सगळ्यांना सारखंच बंद होतं असं जे म्हणतात त्यांनी ८ मे २०२० आठवावा. जालन्याहून रुळाच्या कडेने चालत निघालेले मजूर, भुसावळहून गावाकडे जायला गाडी मिळेल या आशेवर, तेव्हाच्या औरंगाबादजवळ करमाडला थकून रुळावरच झोपले आणि पहाटे मालगाडीखाली १६ जण गेले. रुळावर पडलेल्या त्यांच्या चपात्यांचा फोटो आपण सगळ्यांनी पाहिला, हळहळलो, पुढे गेलो. घरी राहा, सुरक्षित राहा हे कुणाला सांगत होतो आपण, ज्याचं घर हजार किलोमीटरवर होतं त्याला? मेलबर्नमध्येही तेच, जुलै २०२० मध्ये गरिबांच्या सरकारी घरांच्या नऊ इमारती आधी काहीही न सांगता पोलीस लावून बंद केल्या, सुमारे तीन हजार माणसं आत. नंतर तिथल्याच लोकपालांनी सांगितलं की हे मानवी हक्कांच्या कायद्याचं उल्लंघन होतं. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या हिशोबाने २०२० या एका वर्षात जगभर जेवढे कामाचे तास बुडाले ते साडेपंचवीस कोटी फुल टाइम नोकऱ्यांइतके होते. त्यातल्या किती घरांची घडी परत बसली, कुणी विचारलं?

आता माझं सांगते. माझे वडील कोरोनात गेले. वय ७८, दोन्ही कानांना मशीन. ऑक्सिजन खाली आला तेव्हा अँब्युलन्समध्ये घालताना घाई घाई, फक्त फोन आणि चार्जर द्या म्हणाले, आणि कानाचं मशीन त्याच्या छोट्या निळ्या डबीत घरीच राहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि भाऊ ती डबी, सोबत बॅटरीचं नवीन पाकीट, असं घेऊन दवाखान्याच्या गेटवर. आत सोडणार नाही हे माहीत होतं, पण वस्तू तरी पोचवा. पिशवीवर नाव आणि बेड नंबर लिहून तिथल्या क्रेटमध्ये ठेवा म्हणाले. ठेवली. तिसऱ्या दिवशी गेले तर पिशवी त्याच क्रेटमध्ये, तशीच. हात जोडले, ओरडले, रडले, उपयोग झाला नाही, नियम आहे म्हणाले.

रोज संध्याकाळी एक सिस्टर आपल्या ड्यूटीतून दोन मिनिटं काढून व्हिडिओ कॉल लावून द्यायची. तिच्यावर माझा काडीचाही राग नाही, तिथे आमचं म्हणावं असं ते एकच माणूस होतं. पण वडिलांना ऐकूच यायचं नाही. "काय? काय म्हणतेस?" एवढंच. पहिले दोन-तीन दिवस विचारत राहिले, मग विचारणंही सोडलं, नुसती मान हलवायचे. नवव्या दिवशी गेले. त्यांच्या कपड्यांबरोबर ती पिशवीही परत मिळाली, बॅटरीवरचा स्टिकरसुद्धा कुणी काढलेला नव्हता. म्हणजे ते नऊ दिवस कुणाचाही आवाज धड न ऐकता गेले. लोक म्हणतात त्यांचं वय झालं होतं, आजारच तसा होता, मान्य. ते वाचले असते असं मी म्हणतच नाहीये. पण घरच्या एका माणसाला डॉक्टर-नर्स घालतात तोच पीपीई किट घालून पाच मिनिटं आत सोडलं असतं तर कुठला देश बुडणार होता?

म्हणूनच ब्रिटनमधलं ते प्रकरण बाहेर आलं तेव्हा मला तिथल्या लोकांचा संताप अगदी आतून कळला. १७ एप्रिल २०२१ ला त्यांची राणी नवऱ्याच्या अंत्यविधीला मास्क लावून एकटी बसली होती, नियम म्हणून, आणि आदल्याच रात्री पंतप्रधानांच्या ऑफिसात कर्मचाऱ्यांच्या निरोपाच्या पार्ट्या झाल्या होत्या. पुढे त्याआधीच्या एका कार्यक्रमासाठी खुद्द बोरिस जॉन्सनना दंड भरावा लागला. माणूस कडक नियम सहन करतो, पण नियम करणाऱ्यालाच तो लागू नाही असं दिसलं की पेटतो. आणि लोक रस्त्यावर आले की त्यांना बेजबाबदार म्हणून मोकळं व्हायचं. सगळे काही दगडफेक करणारे नव्हते. चीनच्या उरुमची शहरात नोव्हेंबर २०२२ मध्ये इमारतीला आग लागून १० जण गेले, बंदीच्या अडथळ्यांमुळे त्यांना सुटता आलं नाही अशी लोकांची भावना झाली आणि चीनमधली तरुण मुलं नुसता कोरा कागद हातात धरून उभी राहिली. दोन आठवड्यांच्या आत तिथले बरेचसे निर्बंध निघाले. म्हणजे काढता येत होते.

मुलांचं तर काय सांगू. स्पेनमध्ये पहिले सहा आठवडे मुलांना घराबाहेर पाऊल टाकायची परवानगी नव्हती, कुत्र्याला फिरवायला मात्र नेता येत होतं. युगांडात शाळा मार्च २०२० ला बंद झाल्या त्या पूर्ण उघडल्या जानेवारी २०२२ मध्ये. युनेस्कोच्या आकड्यानुसार एका टप्प्यावर जगात १६० कोटी विद्यार्थी घरी होते. स्वीडनने लहान मुलांच्या शाळा चालू ठेवल्या होत्या, म्हणजे दुसरा रस्ता निदान विचारात तरी घेता आला असता. माझा मुलगा पहिलीला फोनवरच गेला. शाळा उघडल्यावर पहिल्या दिवशी घरी येऊन सांगतो, "आई, मला माझा मित्र सापडला, मी त्याला आवाजावरून ओळखलं." वर्षभर त्याच्याशी बोलत होता, पण त्या मुलाचा कॅमेरा कायम बंद, नेट पुरायचं नाही म्हणून, त्यामुळे चेहराच माहीत नव्हता. तो आनंदाने सांगत होता आणि मी दुसऱ्या खोलीत जाऊन रडले. आणि आमच्याकडे निदान फोन तरी होता, ज्यांच्याकडे नव्हता ती किती मुलं कायमची शाळेबाहेर गेली असतील.

घराघरात काय झालं ते तर बाहेर आलंच नाही फारसं. एप्रिल २०२० मध्येच संयुक्त राष्ट्रांच्या सरचिटणीसांना जाहीर आवाहन करावं लागलं होतं की घरातली बायकांवरची हिंसा थांबवा. ज्याच्यापासून पळायचं त्याच्याबरोबरच कडी लावून बसवलेल्या बायका होत्या त्या. जागतिक आरोग्य संघटना सांगते, पहिल्या एका वर्षात जगात चिंता आणि डिप्रेशनचं प्रमाण २५ टक्क्यांनी वाढलं. त्याला सगळं लॉकडाऊनच कारण असं नाही, आजाराची भीती होती, जवळची माणसं जात होती. पण एकटं पडणं हे त्यातलं मोठं कारण आहे हे त्यांनीच म्हटलंय.

माझं म्हणणं इतकंच आहे की पुढच्या वेळी बंद करायची वेळ आलीच तर आदेशात शेवटची तारीख लिहा, आणि ती वाढवायची असेल तर विधिमंडळात, संसदेत उभं राहून कारण सांगा, पत्रक काढून नको. हातावर पोट असलेल्याच्या खात्यात पैसे आधी, बंद नंतर. शाळा सगळ्यात शेवटी बंद आणि सगळ्यात आधी उघडायच्या, आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी नेमकं उलटं झालं. आणि मरणाऱ्या माणसाजवळ घरचं एक माणूस जाणार, किट घालून, सही घेऊन, कसंही, पण जाणार, हे कायद्यातच लिहून टाका म्हणजे गेटवरच्या माणसावर ते ढकलायची वेळ येणार नाही. ब्रिटनने या सगळ्याची सार्वजनिक चौकशी लावली, निवृत्त न्यायाधीशांसमोर लोकांची घरं कशी मोडली तेही ऐकून घेतलं. स्वीडनने आयोग नेमून अहवाल काढला. आपल्याकडेही माझ्यासारख्यांना बोलवा, गेटवरच्या क्रेटचं मी येऊन सांगते.

त्या ग्रुपवर मी अजून काही लिहिलेलं नाही. हे छापून आलं तर कात्रणाचा फोटो काढून तोच टाकणार आहे.

आपली,
एक वाचक