नदीकाठावरून आबांना पत्र

वॉर्सा, १६ सप्टेंबर

तीर्थरूप आबांस,
साष्टांग नमस्कार.

काम उरकून आज मुद्दाम व्हिस्टुला नदीवर गेलो होतो. प्रागा म्हणजे वॉर्साचाच पूर्वेकडचा भाग, त्या बाजूचा काठ अजून बांधलेला नाही, नुसती वाळू आणि वाळुंजाची झाडं. पलीकडे शहराचा चेर्नियाकूव्ह भाग. १९४४ साली काल रात्री, १५ सप्टेंबरला, जनरल झिग्मुंट बेर्लिंगचे पोलिश सैनिक इथून होड्यांतून पलीकडं निघाले होते. वॉर्सात जर्मनांविरुद्ध उठाव चालू होता, त्यांच्या मदतीला.

तुम्ही कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या पोलिश छावणीतल्या बायकापोरांचं सांगायचात, त्याचाच हा दुसरा धागा आहे, आबा. स्टालिननं लाखो पोलिश माणसं सायबेरिया-कझाकस्तानात नेऊन टाकली होती. १९४२ मध्ये पोलिश जनरल अँडर्स आपली फौज आणि बरीच कुटुंबं घेऊन इराणला बाहेर पडला. त्यांतलीच काही पुढं आपल्याकडं आली. बेर्लिंग त्याच फौजेतला अधिकारी, पण तो रशियातच राहिला. अँडर्सच्या लष्करी न्यायालयानं त्याला फितूर ठरवून गैरहजेरीत मृत्युदंड सुनावला.

त्याच्यावरचा डाग खरा आहे. १९३९ मध्ये तो रशियनांच्या हाती सापडला, स्टारोबेल्स्कच्या छावणीत होता. तिथले जवळजवळ चार हजार पोलिश कैदी १९४० मध्ये खारकीव्हला गोळ्या घालून मारले. हा सोव्हिएतांना सहकार्य करायला राजी झाला आणि वाचला. ते मला पटत नाही.

पण १९४३ मध्ये त्यानं सोव्हिएतांच्या बाजूनं लढायला उभारलेल्या पोलिश कोश्चुश्को डिव्हिजनमध्ये भरती कोण झालं? ज्यांना अँडर्सपर्यंत पोचताच आलं नाही ते. म्हणजे वळिवड्याच्या बायकांचेच भाऊबंद. त्यांना मायदेशी जायला दुसरी वाटच नव्हती. ऑक्टोबरात बेलारूसमधल्या लेनिनोच्या पहिल्याच लढाईत दोन दिवसांत मेलेले, जखमी आणि बेपत्ता मिळून तीन हजारांच्या आसपास माणसं गेली.

आणि मग ही नदी. पलीकडे जर्मन तोफा रोखलेल्या आणि यातल्या बहुतेक पोरांना गल्लीबोळातली लढाई माहीत नव्हती. सोव्हिएत मदत अपुरी पडली. आठवड्याभरात पलीकडची जागा हातची गेली. परतताना कितीजण पोहतानाच मेले. नदी ओलांडायचा हुकूम नेमका कुणाचा, यावर इथं अजून वाद घालतात. बेर्लिंगला मात्र सप्टेंबर संपता संपता हटवलं आणि पुढं मॉस्कोला शिकायला पाठवलं. तो परतला १९४७ मध्ये, वारला १९८० मध्ये. त्याचा पुतळा २०१९ मध्ये लोकांनी दोर लावून पाडला.

पुतळा गेला त्याचं मला दुःख नाही. पण त्याच्याबरोबर त्या पोरांनाही फितुरांच्या खात्यात टाकतात, ते बोलणं कानावर आलं की जीव तुटतो. ती पोरं घरीच निघाली होती, आबा. मी काठावर उभा राहिलो तेव्हा पाणी इतकं उथळ होतं की मधली वाळू दिसत होती. पलीकडच्या घरांच्या खिडक्या मोजता येतील इतकं ते जवळ आहे.

छावणीत एक बाई रोज टपालाची वाट बघत स्टेशनवर बसायची, असं तुम्ही एकदा म्हणाला होतात. तिचं माणूस कुठल्या फौजेत होतं, कधी कळलं का? आठवलं तर दादाला सांगून लिहवून घ्या.

आईला नमस्कार. गुडघ्याला तेल चोळत जा.

तुमचा नातू